व्हार्निश झिजते, म्हणून होडी टिकते

पावसाळा सरतो, ऑक्टोबरचा उष्मा निवळतो आणि हवेतला दमटपणा ओसरू लागतो. कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होडीला व्हार्निश देण्यासाठी याहून योग्य हंगाम नाही. वाळूवर ओंडक्यांच्या आधाराने होडी उभी केली जाते, तिच्यावर सावलीपुरता मांडव पडतो आणि काम सुरू होते. मात्र पहिले दोन-तीन दिवस तिथे व्हार्निशचा डबा उघडलेलाही दिसत नाही. दिसतो तो केवळ लाकडावर पॉलिश पेपर घासणारा माणूस. वरवर पाहणाऱ्याला वाटते, कामाला अजून हात लागलेला नाही. वस्तुस्थिती उलट असते. कुंचला व्हार्निशमध्ये बुडतो, तेव्हा या कामाचा मोठा भाग पार पडलेला असतो.

व्हार्निश म्हणजे चकाकी, असा सर्वसाधारण समज आहे. सागवानी नाळ, सुकाणूचा दांडा, डोलकाठी, वल्ही यांवर मधासारखी झळाळी आली की काम उत्तम झाले, असे मानले जाते. होडीच्या बाबतीत ही चकाकी दुय्यम असते. ऊन, पाऊस आणि खारे वारे यांचा मारा लाकडाऐवजी आपल्या अंगावर घेणे, हे व्हार्निशचे खरे काम. ते झिजण्यासाठीच लावलेले असते. ते वेळेवर पुन्हा लावले नाही, तर झिजण्याची पाळी लाकडावर येते आणि लाकडाला नवा थर देता येत नाही.

शत्रू दोन : ऊन आणि पाणी

लाकडाचे तंतू एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या द्रव्याला लिग्निन म्हणतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे लिग्निन शोषून घेते आणि त्यातच त्याचे विघटन होते. विघटन झालेला भाग पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो आणि पृष्ठभागावर करड्या रंगाचे मोकळे तंतू उरतात. उघड्यावर पडलेली फळी काही महिन्यांत राखाडी दिसू लागते, ती यामुळे.

इथेच रंग आणि व्हार्निश यांतला फरक स्पष्ट होतो. रंगातील रंगद्रव्य प्रकाश अडवते. व्हार्निश पारदर्शक असते. लाकडाच्या रेषा दिसाव्यात म्हणून तर ते निवडले जाते. पण ज्या पारदर्शकतेतून आपली नजर आत जाते, तिच्यातूनच प्रकाशही आत शिरतो. म्हणून सागरी व्हार्निशमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ही द्रव्येही हळूहळू संपत जातात. ती संपली की थर वरून शाबूत दिसत असतानाच त्याखालच्या लाकडाचा पृष्ठभाग कमकुवत होऊ लागतो आणि एके दिवशी पापुद्रे सुटतात.

दुसरा शत्रू पाणी. आणि त्यातही समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक घातक. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो, पण मीठ तिला मानवत नाही. त्यामुळे होडी सततच्या खाऱ्या पाण्याखाली जितकी कुजत नाही, तितकी ती सांध्यांत, कोपऱ्यांत आणि फळ्यांच्या टोकांशी साचून राहिलेल्या पावसाच्या पाण्याने कुजते. फळीचे कापलेले टोक तर पाणी झपाट्याने ओढून घेते. झाडाच्या मुळांकडून शेंड्याकडे पाणी नेणाऱ्या नलिका तिथे उघड्या पडलेल्या असतात. म्हणून अशा टोकांना इतर भागांपेक्षा एक-दोन हात जास्तच द्यावे लागतात.

सततच पाण्याखाली राहणाऱ्या तळाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे लाकूड पोखरणारे जीव आणि शिंपले चिकटण्याचा धोका असतो. त्यासाठी निराळे रंग आणि लेप वापरतात. व्हार्निशचे राज्य पाण्याच्या रेषेच्या वर.

तेल आणि राळ

तेलात राळ विरघळवून लाकडाला लावायची, हे व्हार्निशचे मूळ सूत्र फार जुने आहे. तेल लाकडात मुरते आणि थराला लवचीकपणा देते. राळ कठीणपणा आणि चमक देते. सालवृक्षाची राळ, पश्चिम घाटातील धूप वृक्षापासून मिळणारा पांढरा डामर, जवसाचे तेल ही या सूत्रातली परिचित नावे. उकळून घट्ट केलेले जवसाचे तेल म्हणजेच रंगाऱ्यांच्या बोलीतले बेलतेल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून बेतलेले आणि २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झालेले ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे काथ्याच्या दोरीने शिवलेले जहाजही सांधे बुजवण्यासाठी राळ आणि तेल यांवरच विसंबले आहे.

कोकणातील मासेमारीच्या होड्यांना व्हार्निश क्वचितच लागते. तिथे परंपरेने माशांचे तेल, उंडीच्या बियांचे तेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोपडण्याची रीत होती आणि वरच्या भागाला रंग दिला जाई. काजूच्या टरफलाचे तेल कातडीला भाजते, म्हणून ते जपून हाताळावे लागे. यातील कोणत्याही तेलाने आरशासारखी चमक येत नाही. पण तत्त्व तेच : लाकडाने पाणी पिण्याआधी त्याला तेल पाजायचे.

विसाव्या शतकात नैसर्गिक राळेची जागा मोठ्या प्रमाणावर रासायनिक राळींनी घेतली आणि जवसाच्या तेलाच्या जोडीला चिनी टुंग तेल आले. डोलकाठी आणि शिडांच्या काठ्यांना इंग्रजीत ‘स्पार’ म्हणतात. वाऱ्याच्या जोराने या काठ्या सतत वाकतात आणि सरळ होतात. त्यांच्यावरचा थरही त्यांच्याबरोबर वाकला पाहिजे, तडकता कामा नये. म्हणून राळेच्या मानाने तेलाचे प्रमाण जास्त ठेवून जे व्हार्निश बनवले गेले, त्याला ‘स्पार व्हार्निश’ हे नाव पडले. होडीसाठी आजही याच जातीचे व्हार्निश वापरण्याचा प्रघात आहे.

घरातले पॉलिश का चालत नाही?

शहरातील वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येईल : घराच्या दाराला लावतो तेच पॉलिश होडीला लावले तर? फर्निचरवरील पारंपरिक फ्रेंच पॉलिश हे लाखेपासून बनते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते तयार होते. दिवाणखान्यात त्याला तोड नाही. पण त्यावर पाणी साचले की ते पांढुरके पडते. ओल्या पेल्याचा गोल डाग टेबलावर उमटतो, तो याच कारणाने. होडीवर हा प्रसंग रोजचाच.

घरगुती वापराची काही व्हार्निशे पाण्याला टिकतात, परंतु ती अतिशय कठीण असतात. घरातली लाकडी फरशी फारशी हलत नाही. होडीची फळी मात्र पाण्यात फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावरचा कठीण थर तिच्याबरोबर ताणला जात नाही; त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात. या चिरांतून पाणी आत शिरते आणि थराखाली अडकते. बाहेर पडायला वाट नसल्याने ते लाकूड काळे करते. फुटलेला थर हा थर नसण्यापेक्षाही वाईट ठरतो, कारण उघडे लाकूड निदान वाळते तरी.

कुंचल्याआधीचे काम

पहिले पाऊल धुण्याचे. पॉलिश पेपर घासण्यापूर्वी होडी गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावी लागते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. ते थराखाली राहिले, तर कालांतराने नेमके तिथे फोड येतात. धुतल्यावर लाकूड पूर्ण वाळू द्यायचे. ही वाट पाहणे जिवावर येते, पण त्याला पर्याय नाही.

जुना थर घट्ट असेल तर तो खरवडून काढण्याची गरज नसते. घासून खडबडीत केला की पुरे. मात्र जिथे तो सुटला आहे, पिवळट होऊन उचलला आहे, तिथे लाकूड लागेपर्यंत तो काढावाच लागतो. लाकडावर काळे डाग दिसले, तर पाणी आत पोहोचले होते असे समजावे. असे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने फिके करता येतात. हे रसायन विषारी असल्याने हातमोजे आणि चष्मा घालूनच ते वापरावे आणि नंतर लाकूड भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा वाळवावे. डागाच्या जागी चाकूचे टोक सहज रुतले, तर प्रश्न व्हार्निशचा राहिलेला नाही. ती फळी सुताराला दाखवावी.

उघड्या लाकडावर पेपरचा क्रम जाड्याकडून बारकाकडे असतो : आधी ८० क्रमांकाचा, मग १२०, मग १८० किंवा २२०. घासायचे ते नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे घासल्यास पडलेले ओरखडे त्या वेळी दिसत नाहीत, पण व्हार्निश चढले की भिंगाखाली धरल्यासारखे उठून दिसतात. सागाची धूळ नाका-घशाला आणि कातडीला झोंबते, म्हणून नाकावर मुखपट्टी हवी. होडीवर फार जुन्या रंगाचे थर असतील तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते. ते कोरडे घासू नयेत.

सागाबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. सागात नैसर्गिक तेल असते. याच तेलामुळे तो पाण्यात टिकतो आणि याच तेलामुळे त्यावर व्हार्निश नीट चिकटत नाही. म्हणून पहिला हात देण्याच्या थोडे आधी थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पृष्ठभाग पुसून घेतात. वरचे तेल निघते आणि पुन्हा वर येण्यापूर्वी व्हार्निशला पकड मिळते.

पहिला हात पातळ

पहिल्या हाताचा हेतू चमक आणणे हा नसून लाकडाची छिद्रे भरणे हा असतो. त्यासाठी व्हार्निश उत्पादकाने सांगितलेल्या थिनरने बरेच पातळ करतात. निम्मे-निम्मे हे प्रमाण सर्रास वापरले जाते. दुसऱ्या हाताला थिनर कमी, तिसऱ्याला आणखी कमी आणि पुढचे हात जवळपास तसेच डब्यातले. घट्ट व्हार्निश पहिल्यांदाच लावले तर ते लाकडात न मुरता वरच बसते आणि पुढे सालीसारखे सुटते.

डबा कधीही हलवायचा नाही. रंग ढवळावा लागतो. व्हार्निश मात्र हलवले की त्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि तेच पुढे पृष्ठभागावर उमटतात. लागेल तेवढे व्हार्निश मलमलीच्या कापडातून गाळून वेगळ्या भांड्यात घ्यायचे आणि उरलेले परत डब्यात ओतायचे नाही. कुंचल्याबरोबर आलेली धूळ साऱ्या डब्यात पसरते, हे त्याचे कारण.

कुंचला मऊ, दाट केसांचा हवा. तो केसांच्या एक-तृतीयांश भागापर्यंतच बुडवायचा. व्हार्निश आधी थोडे आडवे पसरायचे आणि मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने केवळ कुंचल्याच्या टोकाने, जवळजवळ वजन न देता, शेवटचा हात फिरवायचा. तो फिरवताना कोरड्या भागाकडून नुकत्याच लावलेल्या ओल्या भागाकडे यायचे, म्हणजे सांधा दिसत नाही. एकदा पुढे गेल्यावर मागे वळून दुरुस्ती करण्याचा मोह टाळायचा. घट्ट होऊ लागलेल्या थरावर पुन्हा कुंचला फिरवला की खुणा कायमच्या उमटतात. राहिलेली चूक दुसऱ्या दिवशी पेपरने काढता येते. ओल्या थराशी झगडून ती वाढतेच.

उभ्या बाजूंना ओघळ येण्याचा धोका जास्त असतो. तिथे थर शक्य तितका पातळ ठेवणे आणि काम पुढे नेताना तिरक्या प्रकाशात मागे नजर टाकत राहणे, एवढाच उपाय आहे.

दिवसातली नेमकी वेळ

तेलयुक्त व्हार्निश दोन टप्प्यांत वाळते. आधी थिनर उडून जाते, मग तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. हा दुसरा टप्पा घाई सहन करत नाही. थर जाड असेल तर वरची साय आधी धरते, आतले ओलेच राहते आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात.

कडक उन्हात काम करू नये, याचे कारणही लाकडातच आहे. लाकूड तापू लागले की त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरातून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. मांडवाची सावली त्यासाठीच असते. उलट फार उशीर केला तर संध्याकाळचे दव पडते आणि ताज्या थरावर पांढुरकी, मंद झाक येते.

किनाऱ्यावर यात वाऱ्याचीही भर पडते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दिवस तापला की समुद्राकडून खारे वारे सुटतात. दुपारचा हा वारा मिठाचे कण आणि वाळू घेऊन येतो. त्यामुळे सकाळी दव पूर्ण सुकल्यानंतर आणि खारे वारे जोर धरण्यापूर्वीचे दोन-तीन तास या कामाला सर्वांत सोयीचे. तेवढ्या वेळात जितके होईल तितकेच काम हाती घ्यावे. पावसाळ्यात हवेतला ओलावा इतका असतो की थर दिवस-दिवस चिकट राहतो. त्या काळात होडी झापांनी नीट शाकारून ठेवणे आणि शाकारणीखाली वारा खेळता राहील हे पाहणे, हीच तिची सेवा.

थरावर थर

उघड्या लाकडापासून सुरुवात केली असेल तर किमान सहा ते आठ हात द्यावे लागतात. तेलयुक्त व्हार्निशच्या दोन हातांत साधारण एक दिवसाचे अंतर ठेवतात. नेमका वेळ डब्यावर दिलेला असतो. प्रत्येक दोन हातांच्या मध्ये २२० ते ३२० क्रमांकाच्या पेपरने हलके घासायचे. त्याने धुळीचे कण निघतात, उंचसखलपणा जातो आणि पुढच्या थराला धरायला जागा मिळते. घासताना पांढरी भुकटी निघाली तर थर वाळला आहे. पेपरला चिकटा धरला तर आणखी एक दिवस थांबावे. घासून झाले की भुकटी झटकून, किंचित थिनर लावलेल्या कापडाने पुसून मगच पुढचा हात.

कडा आणि कोपरे या ठिकाणी विशेष लक्ष हवे. धारदार कडेवर व्हार्निश टिकत नाही, ते दोन्ही बाजूंना सरकते आणि कडेवर थर सर्वांत पातळ राहतो. झीजही तिथूनच सुरू होते. म्हणून कडा आधीच पेपरने किंचित गोल करून घेतात.

चिंध्यांपासून सावधान

या कामातला सर्वांत मोठा धोका काम संपल्यावर सुरू होतो. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते. फळीवर ती जाणवत नाही. पण तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच कोंडते आणि काही तासांत, कोणीही काडी न ओढता, चिंध्या पेट घेऊ शकतात. लाकडाचा भुसा, थिनरचा डबा आणि मांडवाची सुकी झापे जवळच असताना याचा परिणाम काय होईल, ते सांगायला नको. अशा चिंध्या उघड्यावर एकेक करून पसरून वाळवाव्यात, अथवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या झाकणबंद डब्यात टाकाव्यात.

कर्तव्य दरवर्षीचे

आठ हात देऊन झाले म्हणजे काम कायमचे संपले, असे नाही. आपल्याकडच्या उन्हात पूर्ण उघड्यावर असलेल्या होडीला वर्षातून निदान एकदा, बहुधा दोनदा, हलके घासून एक-दोन हात द्यावेच लागतात. ही वेळ साधली तर दोन-तीन दिवसांत काम होते. एक-दोन वर्षे टाळली तर सगळा थर खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. खर्चातला खरा फरक व्हार्निशच्या किमतीचा नसतो. तो या टाळाटाळीचा असतो.

दरम्यान बारीकसारीक ओरखड्यांकडे दुर्लक्ष करू नये. धक्क्याला घासून पडलेली नखाएवढी खोचही पाण्याला पुरते. ती वाळवून तिच्यावर त्याच दिवशी पातळ व्हार्निशचा एक थेंब टेकवला, तर पुढचे नुकसान टळते. होडी वापरात नसताना तिच्यावर कापडी आच्छादन असले, तरी थराचे आयुष्य बरेच वाढते.

एवढा वेळ देणे शक्य नसेल तर होडीला रंग द्यावा, हा सल्ला कमीपणाचा नाही. रंग प्रकाश अडवतो आणि अधिक काळ टिकतो. कित्येक होडीमालक अंगाला रंग आणि नाळ, काठ, वल्ही एवढ्यांनाच व्हार्निश, असा मधला मार्ग काढतात. यात एक छुपा फायदाही आहे. पारदर्शक थराखाली लाकडाचा बदललेला रंग लगेच दिसतो; रंगाखाली कूज वर्षानुवर्षे लपून राहू शकते. जिथे पाणी मुरण्याची भीती जास्त, तिथे व्हार्निश हे पहाऱ्याचेही काम करते.

फायबरच्या होड्यांनी गेल्या काही दशकांत किनाऱ्यावरचे चित्र पालटले आहे. त्यांना दरवर्षी तेल-व्हार्निश लागत नाही आणि मच्छीमाराच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा आहे. त्याबरोबर फळीवर हात फिरवून ओल ओळखणारी माणसे मात्र विरळ होत चालली आहेत. लाकडी होडी राखायची तर हे ज्ञान कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकावे लागते. डब्यावरच्या सूचनांत ते सगळे मावत नाही.

आणि लाकूड राखता येते, याचा पुरावा मुंबईनेच दिला आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागातून बांधलेली ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली. २०० वर्षे उलटून गेल्यावरही ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. साग उत्तम होता, बांधणी उत्तम होती, हे खरेच. परंतु १९९० पासून २००१ पर्यंत चाललेले तिच्या जीर्णोद्धाराचे काम झाले नसते, तर एकट्या सागाच्या बळावर ती इथवर आली नसती. किनाऱ्यावरच्या दहा-पंधरा फुटी होडीला असे भाग्य लाभत नाही. तिच्या वाट्याला येतात त्या हिवाळ्यातल्या चार सकाळी, एक कुंचला आणि थर झिजला आहे हे वेळेत ओळखणारा मालक.